रहदारीचा रस्ता आणि राहता रस्ता

श्रोतेहो, 'रहदारी' हा शब्द आपण उपनगरांतील लोक दिवसांतून दहा वेळां तरी उच्चारतों, आणि बहुतेक वेळां कपाळाला आठ्या घालूनच उच्चारतों. शब्द मूळचा फारसी. मोगलांच्या अमदानींत 'राहदारी' म्हणजे वाटेवरचा कर. एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत माल नेतांना चौकीवर जो पैसा मोजावा लागे, त्याचें हें नांव होतें. पुढें मराठींत अर्थ पालटला आणि वाटेवरची ये-जा तीच रहदारी, असें आपण म्हणूं लागलों. कर गेला, शब्द उरला. मला मात्र कधीं कधीं वाटतें कीं, कर गेलेला नाहीं. तो भरणारा माणूस तेवढा बदलला आहे. पूर्वीं वाटेनें जाणारा कर भरी. आतां ज्याच्या दारावरून जाणें होतें, तो भरतो. आणि तो नाण्यांत भरीत नाहीं. झोपेंत, श्वासांत आणि मुलांच्या खेळांत भरतो.

मी मुलुंडच्या पश्चिमेस एका आडगल्लींत चाळीस वर्षें राहत आहें. पेशा शाळामास्तराचा, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां नगररचनाशास्त्राचा अधिकारी म्हणून मी बोलत नाहीं. परंतु एका प्रसंगानें मला या विषयाचा इतिहास चाळावयास लावलें, तो आधीं सांगतों. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांतील एका रात्रीं आमच्या शेजारच्या आजींना एकाएकीं श्वास लागला. रुग्णवाहिका आली, पण गल्लीच्या तोंडाशींच थांबली. दोन्ही बाजूंस मोटारी उभ्या, आणि हमरस्त्यावरची कोंडी चुकवूं पाहणारा एक टेंपो मध्यें अडकलेला. आम्हीं चौघांनीं आजींना लांकडी खुर्चींत बसविलें, वर छत्री धरली, आणि शंभर-सव्वाशें पावलें उचलून नेलें. आजी वांचल्या. पण वाट अडविणाऱ्या त्या मोटारींपैकीं एक मोटार माझ्याच मुलाची होती, हें मी अजून विसरूं शकलेलों नाहीं. आजचें भाषण म्हणजे केवळ तक्रार नव्हे, याची श्रोत्यांनीं त्यावरून खात्री बाळगावी.

आतां इतिहासाकडे वळूं. आपलीं उपनगरें ज्या साष्टी बेटावर वसलीं आहेत, त्या बेटावरून लांब पल्ल्याच्या दोनच मोठ्या वाटा जात. पूर्वेकडून आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. आणि पश्चिमेकडून घोडबंदर रोड, म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग. मुंबई व साष्टी यांच्यामध्यें खाडी होती. शीवचा बांध १८०५ च्या सुमारास पुरा झाला आणि माहीमचा १८४५ सालीं. माहीमच्या बांधासाठीं जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं १ लक्ष ५७ हजार रुपये दिले, आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून कर घेऊं नये अशी अट घातली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. म्हणजे आमच्या पश्चिम उपनगरांच्या वाटेचा आरंभच मुळीं 'राहदारी' माफ करण्यापासून झाला.

या दोन वाटांच्या आजूबाजूला आगरी, कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन अशा लोकांचीं गांवठाणें होतीं. अंधेरीजवळचें आंबोली, बोरिवलीजवळचें वझिरा व एक्सर यांच्या जुन्या बोळांतून आजही चालून पाहावें. बोळ वळसे घेत जातो, विहिरीशीं रुंद होतो, क्रुसापाशीं किंवा देवळापाशीं थबकतो. तो माणसाच्या पावलासाठीं आणि फार तर बैलगाडीसाठीं झालेला आहे. मोठी वाट गांवाच्या कडेनें जाई आणि बोळ गांवांतच संपे. जाणाऱ्याची वाट निराळी व राहणाऱ्याची निराळी, हा भेद कोणीं कागदावर लिहिला नव्हता. तो व्यवहारांतच होता.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि १८६७ पासून पश्चिमेच्या बाजूस विरारहून मुंबईपर्यंत गाडी येऊं लागली. तरी उपनगरांत खरी वस्ती वाढली ती १८९६ च्या प्लेगनंतर. दाटीवाटीची मुंबई सोडून मोकळ्या हवेंत राहावें, ही इच्छा मध्यम वर्गांत बळावली. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला आणि १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यांत आला.

या १९१५ च्या कायद्यांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नगररचना योजनेंत अनेक मालकांच्या वेड्यावांकड्या जमिनी प्रथम एकत्र धरीत. त्यांतून रस्त्यांसाठीं व मोकळ्या जागांसाठीं जमीन काढीत, आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड पाडून ते मालकांना परत वांटून देत. म्हणजे योजनेंतील रस्ता ही सरकारनें कोठून तरी आणून टाकलेली देणगी नव्हती. प्रत्येक मालकानें आपल्या जमिनीचा तुकडा सोडला, तेव्हां तो रस्ता झाला. ज्या रस्त्यावर आज आपण आपली मोटार बिनदिक्कत उभी करतों, तो आपल्या पूर्वींच्या रहिवाशांनीं सर्वांसाठीं सोडलेला वांटा आहे. एकानें तो अडविणें म्हणजे सर्वांच्या वांट्यावर हक्क सांगणें होय.

माझ्या मुलुंडाचेंच उदाहरण घ्या. १९२२ सालीं क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनीं मुलुंडच्या वसाहतीचा आराखडा आंखला. स्टेशनापासून पांच रस्त्यापर्यंत आणि तेथून आग्रा रोडपर्यंत सरळ, एकमेकांना काटकोनांत छेदणारे रस्ते. बुद्धिबळाच्या पटासारखी ती आंखणी त्या काळीं नमुनेदार समजली गेली, आणि तशी ती होतीही. सकाळीं माणूस घरांतून निघे, झाडांच्या सावलींतून स्टेशनावर जाई आणि संध्याकाळीं त्याच वाटेनें परते. विजेच्या गाड्या १९२५ सालीं कुर्ल्यापर्यंत व १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत धांवूं लागल्यावर या पायीं चालण्याच्या जीवनक्रमास आणखीच बळ आलें. उपनगरांतील रस्ते मुख्यतः स्टेशनाकडे चालत जाणाऱ्यांसाठीं आंखलेले आहेत, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु त्या सुंदर आंखणींतच पुढच्या दुखण्याचें बीज होतें. काटकोनी जाळ्यांत कोणतीही गल्ली बंद नसते. प्रत्येक गल्ली दुसऱ्या मोठ्या रस्त्याला मिळते. पायीं चालणाऱ्याला ही मोठी सोय. पण मोठ्या रस्त्यावर कोंडी झाली कीं तीच सोय मोटारवाल्याला चोरवाटेसारखी उपयोगी पडते. गांवठाणाच्या बोळानें जें आपोआप अडविलें, तें सरळ रस्त्यानें आपोआप आंत घेतलें.

१९२६ सालच्या जुलैमध्यें मुंबई शहरांत पहिली बस धांवली. मोटारगाडी मात्र त्या काळीं डॉक्टराची, वकिलाची किंवा शेटजींची. आणि तिला बंगल्याच्या आवारांत छपरी असे. १५ एप्रिल १९५० रोजीं अंधेरी व घाटकोपर यांच्या बाजूचीं उपनगरें मुंबई महानगरपालिकेला जोडण्यांत आलीं, आणि १९५७ च्या फेब्रुवारींत दहिसर व मुलुंडपर्यंत हद्द वाढली. तोंवर घाटकोपर-किरोळसारख्या आपापल्या लहान नगरपालिका होत्या. त्यानंतर पूर्व व पश्चिम द्रुतगती मार्ग झाले. बंगल्यांच्या जागीं तीनमजली इमारती आल्या, त्यांच्या जागीं सातमजली, आणि आतां त्यांच्याही जागीं मनोरे उभे राहत आहेत. घरें दहापट झालीं. गल्लीची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली.

येथें मला मास्तराच्या संवयीनें थोडें गणित मांडूं द्या. मुंबईंत रस्त्यांची लांबी सुमारें दोन हजार किलोमीटर आहे. दुचाक्या सोडून केवळ खासगी मोटारींची संख्या २०१९ सालींच दहा लाखांवर गेली होती. म्हणजे दर किलोमीटरला पांचशेंहून अधिक मोटारी. एका मोटारीस उभें राहण्यास पुढची-मागची जागा धरून पांच मीटर लागतात. एका किलोमीटरच्या एका बाजूस दोनशें व दोन्ही बाजूंस चारशें मोटारी राहतील. तेंही मध्यें एकही फाटक, चौक, बसथांबा किंवा दवाखाना नाहीं असें मानलें तर! सगळे रस्ते दोन्ही कडांनीं भरून काढले, तरी दर किलोमीटरला शंभर मोटारी शिल्लक उरतातच. कांहीं मोटारी इमारतींच्या आवारांत राहतात हें खरें. पण सर्वांची सोय रस्त्यावरच व्हावी ही मागणी अंकगणितालाच मान्य नाहीं, मग महानगरपालिकेला कशी मान्य व्हावी?

दुसरा भाग परक्या रहदारीचा. येथें मुलुंड व दहिसर या वेशींचा इतिहास बोलका आहे. १ जुलै २०१७ रोजीं जकात बंद झाली. तोंवर शहरांत येणारा माल नाक्यावर थांबे, आणि खोळंबलेले ट्रक रस्त्यांच्या कडेला रात्र काढीत. उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठीं शहराच्या पांच वेशींवर पथकर बसविण्यांत आला होता. हलक्या वाहनांना तो १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ झाला. जकात काय किंवा पथकर काय, दोन्ही त्या जुन्या राहदारीचींच नातवंडें. जेथें वेस तेथें खोळंबा, आणि जेथें खोळंबा तेथें शेजारच्या गल्लीचा बळी, हा नियम आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे.

अंधेरीच्या गोखले पुलाची हकीकत तर अगदीं अलीकडची. १९७५ च्या सुमाराचा हा पूल पूर्व आणि पश्चिम अंधेरी यांना जोडी. ३ जुलै २०१८ रोजीं त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. पुढें पूल धोक्याचा ठरून ७ नोव्हेंबर २०२२ पासून तो बंद करण्यांत आला. त्यावरची रहदारी अंधेरी सब-वे, पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, मिलन सब-वे अशा वाटांनीं वळविण्यांत आली, आणि त्या वाटांकडे जाणाऱ्या घरगुती रस्त्यांना अकस्मात् महामार्गाचें काम करावें लागलें. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजीं खुली झाली, तेव्हां शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशीं तिची उंचीच जुळली नाहीं, असें दिसून आलें. तो सांधा त्याच वर्षींच्या जुलैंत जुळला आणि संपूर्ण पूल २०२५ च्या मे महिन्यांत सुरू झाला. एक पूल अडीच वर्षें नसला, तर त्याचा भार कोण उचलतें? ज्यांचें नांव कोणत्याही नकाशावर ठळक अक्षरांत नसतें, त्या गल्ल्या उचलतात.

हें गाऱ्हाणें आपलेंच आहे असें मात्र नाहीं. प्राचीन रोममध्यें ज्यूलियस सीझरच्या वेळीं, ख्रिस्तपूर्व ४५ च्या कायद्यानें, दिवसाच्या बहुतेक वेळांत गाड्यांना नगरांत बंदी झाली. परिणाम असा झाला कीं, गाड्या रात्रीं येऊं लागल्या, आणि चाकांच्या खडखडाटानें झोंप उडते म्हणून पुढें ज्युव्हेनल कवीनें आपल्या काव्यांत तक्रार केली. नुसत्या बंदीनें उपद्रव मरत नाहीं, जागा किंवा वेळ बदलतो. हा धडा दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे.

अलीकडच्या काळांत इंग्लंडमध्यें कॉलिन बुकॅनन यांनीं १९६३ सालीं शहरांतील वाहतुकीवर जो अहवाल दिला, त्यांतील विचार मला मोलाचा वाटतो. घरांत जशा ओसऱ्या व खोल्या असतात, तसे शहरांतही असावें. ओसरीवरून येणें-जाणें व्हावें. कोणाच्या माजघरांतून वाट काढूं नये. त्यानंतर हॉलंडांत डेल्फ्ट शहरीं राहत्या रस्त्यांची निराळी रचना झाली. तेथें मोटारीला मज्जाव नाहीं, पण तिनें माणसाच्या चालीनें चालावें, आणि रस्ता वळणांनीं व झाडांनीं असा घडवावा कीं तिला वेगानें जातांच येऊं नये. १९७६ सालीं तेथील कायद्यानें या रचनेला मान्यता दिली. जपाननें १९६२ सालींच नियम केला कीं, मोटार ठेवावयास जागा आहे असा दाखला दाखविल्यावांचून मोटारीची नोंदणी व्हावयाची नाहीं. आपल्या राज्यांतही असा विचार २०२५ सालीं परिवहनमंत्र्यांनीं बोलून दाखविला.

मग आपल्याकडे अडतें कोठें? १८८८ च्या कायद्याप्रमाणें सार्वजनिक रस्ते महानगरपालिकेच्या स्वाधीन आहेत. वाहतुकीचें नियमन पोलिसांकडे. मोटारीची नोंदणी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं परिवहन खात्याकडे. रस्ता एकाचा, शिट्टी दुसऱ्याची, आणि गाडीचा जन्मदाखला तिसऱ्याचा! रहिवासी अर्ज घेऊन एका दारांतून दुसऱ्या दारांत फिरतो. ७ जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा उभ्या केलेल्या मोटारींस दहा हजार रुपये व त्याहून अधिक दंड ठेवण्यांत आला. पण जेथें वाहनतळ नाहीं, अशा सामान्य गल्लीला त्या दंडाचा काय उपयोग? तेथें सम तारखेस एका बाजूस व विषम तारखेस दुसऱ्या बाजूस, ही जुनी पाटी तेवढी उरते. आणि ती पाटीही बहुधा एखाद्या मोटारीमागें झांकलेली असते.

तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधील रहिवाशांनीं आपल्या गल्लीची निगा आपण राखावयाची, असें ठरवून महानगरपालिकेशीं सहकार्य केलें. आणि १९९७ पासून ज्या वस्ती-व्यवस्थापन मंडळांची प्रथा मुंबईभर पसरली, तिच्या आरंभाशीं या गल्लीचें नांव जोडलें गेलें. आरंभ कचऱ्यापासून झाला होता. कचरा माझ्या दाराबाहेर गेला म्हणजे माझी जबाबदारी संपली, ही समजूत तेथें प्रथम मोडावी लागली. मोटारीची गोष्ट याहून निराळी नाहीं.

आमच्या गल्लींत त्या पावसाळी रात्रीनंतर आम्हीं बैठक घेतली. प्रथम तासभर सर्वांनीं बाहेरच्या टेंपोवाल्यांना दोष दिला. मग आजींच्या सूनबाईंनीं शांतपणें विचारलें, "त्या रात्रीं उभ्या असलेल्या गाड्या कोणाच्या होत्या?" बैठक गप्प झाली. शेवटीं आम्हीं तीन गोष्टी ठरविल्या. एक, गल्लीच्या एकाच बाजूस गाड्या उभ्या करावयाच्या आणि दोन्ही तोंडांशीं पंधरा-पंधरा पावलें जागा कायमची मोकळी ठेवावयाची. दोन, ज्या घरीं दुसरी मोटार आहे, त्यांनीं ती भाड्याच्या जागेंत ठेवावयाची. तीन, गतिरोधक व एकेरी वाहतूक यांसाठीं रीतसर अर्ज करावयाचा. स्वतःच फाटक लावून रस्ता बंद करावयाचा नाहीं. तिसऱ्या गोष्टीवर पुष्कळ वाद झाला. फाटक व रखवालदार हा सोपा उपाय कित्येकांना हवा होता. पण सार्वजनिक रस्ता आपल्या मर्जीनें अडविण्याचा हक्क कोणालाच नाहीं. शिवाय आपली गल्ली बंद केली तर तोच लोंढा शेजारच्या गल्लींत शिरणार, जेथें शाळेची मुलें आहेत. रोमची गोष्ट मीं तेथें सांगितली, ती उपयोगी पडली. माझ्या मुलानें आपली मोटार विकली नाहीं. परंतु ती आतां दहा मिनिटांच्या अंतरावर भाड्याच्या जागेंत राहते, आणि तो म्हणतो कीं, चालण्यामुळें पोट कमी झालें! एकेरी वाहतुकीचा अर्ज मात्र अद्याप या दारांतून त्या दारांत फिरतो आहे.

शेवटीं एकच गोष्ट, आणि ती उद्यांची आहे. गोरेगांव-मुलुंड जोडरस्त्याचें काम चालू आहे. सुमारें बारा किलोमीटरच्या या रस्त्यांत राष्ट्रीय उद्यानाखालून जोड बोगदे व्हावयाचे आहेत. बोरिवलीहून ठाण्यास जाणाऱ्या बोगद्याचेंही काम हातीं घेतलें आहे. हीं कामें आवश्यक आहेत, त्यांचें स्वागतच करावें. पण इतिहास असें सांगतो कीं, मोठी वाट उघडते तेव्हां तिच्या दोन्ही तोंडांशीं असलेल्या वस्त्यांवर पहिला लोंढा येतो. म्हणून मुलुंडच्या व बोरिवलीच्या रहिवाशांनीं बोगदा उघडण्याची वाट न पाहतां, आपल्या भागांतील कोणते रस्ते ओसरीचे व कोणते माजघराचे, याचा नकाशा आजच सिद्ध करून वॉर्ड कचेरींत व वाहतूक पोलिसांकडे द्यावा. उद्घाटनाची फीत कापल्यावर केलेली तक्रार ही वरात गेल्यावर वाजविलेल्या वाजंत्रीसारखी असते.

१९२२ सालीं ज्यांनीं आमचे रस्ते आंखले, त्यांनीं आमच्यासाठीं जमीन सोडली. आपण आपल्या नातवंडांसाठीं निदान चालावयास वाट सोडावी, आणि कोणाही आजींना पुन्हां खुर्चींतून उचलून नेण्याची पाळी येऊं देऊं नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.